ट्रिपमध्ये पाय मुरगळला: हंपीतून परत फिरायचं का, एक्सरे काढायचा का आणि रेसचं काय

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात. तुम्ही चाळिशीतले रनर, फॅमिलीसोबत गाडीने पुण्याहून हंपी-बदामीला निघालात, दुसऱ्याच दिवशी पहाटे विरुपाक्ष मंदिराकडून नदीकाठच्या वाटेने विठ्ठल मंदिराच्या दिशेने पळायला गेलात, दगडाच्या कडेवर डावा पाय पडून आत वळला आणि तुम्ही हातावर-गुडघ्यावर आपटलात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आलीय, लंगडत का होईना लॉजवर चालत आलात. सासरे म्हणतात जवळच हाड बसवणारा आहे, त्याच्याकडे जाऊन येऊ. बायको म्हणते सरळ पुण्याला चला. आणि तुम्हाला काळजी जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची, जिला साडेतीन आठवडे राहिलेत.

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे, रनर लोकांचे घोटे हेच रोजचं काम. थेट सांगते, ट्रिप बहुतेक वाचेल, रेस नाही वाचणार. लोक नेमकं उलटं करतात, ट्रिप कॅन्सल करून घरी येतात, आठवडाभर सोफ्यावर पाय वर करून पडून राहतात, सूज उतरली की पाय बरा झाला समजून रेस पळतात आणि मग मार्चमध्ये तोच घोटा घेऊन माझ्याकडे येतात.

आधी एक्सरेचं बघू. सुजेच्या आकारावरून काही ठरत नाही, हे डोक्यात पक्कं करा. साध्या मुरगळीत पाय भोपळ्यासारखा फुगू शकतो आणि हाडाला चीर असून सूज किरकोळ असू शकते. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी साधे नियम बसवले, जगभर इमर्जन्सीमध्ये तेच वापरतात आणि तुम्ही लॉजच्या पलंगावर बसून स्वतः करू शकता. बाहेरच्या घोट्याचं जे हाड वर आलेलं असतं त्याची मागची कड बोटाने दाबत जा, खालच्या टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे आडवी तीन-चार बोटं. मागची कड म्हटलंय, पुढच्या बाजूचा तो मऊ सुजलेला भाग नाही, तो दुखणारच आहे, तिथेच लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलंय. मग आतल्या घोट्यालाही तसंच. मग करंगळीपासून पायाच्या बाहेरच्या कडेने बोट मागे सरकवत या, साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा, पाय आत वळताना तिथला हाडाचा तुकडा निघालेला बऱ्याचदा लक्षातच येत नाही. शेवटी पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढे थोडं खाली एक उंच हाड असतं तेही दाबून बघा. यातल्या कुठल्याही हाडावर बोट ठेवल्याबरोबर कळ आली, किंवा पडल्यावर लगेच आणि आत्ताही, अशा दोन्ही वेळेला चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्सरे काढा. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर हुकण्याची शक्यता शंभरात एखाद-दुसरी.

तुम्ही लॉजपर्यंत चालत आलात, म्हणजे पावलांची टेस्ट पास झालात, आता हाडं दाबून बघणं राहिलं. एक्सरेची वेळ आली तर हंपीत शोधत बसू नका, होस्पेट बारा-तेरा किलोमीटरवर आहे, मोठं गाव आहे, तिथे सोय होते. फिल्म किंवा फोटो सोबत ठेवा, पुण्यात परत काढायला लागणार नाही. एक सूचना, हे नियम डायबिटीसमुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना लागू धरू नका, आणि तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा माणूस पडला असता तर मी काही दाबत न बसता सरळ एक्सरेला पाठवलं असतं.

अजून दोन जागा तपासा. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं ते दाबून दुखत असेल, किंवा नडगी आणि शेजारचं हाड पोटरीच्या मध्यावर दोन्ही हातांनी आवळल्यावर घोट्याच्या वर कळ जात असेल, तर ही साधी मुरगळ नाही. दोन हाडांना बांधून ठेवणारा वरचा पट्टा दुखावलाय, त्याला बराच जास्त वेळ लागतो आणि त्यावर फिरत राहणं शहाणपणाचं नाही. तसं असेल तर बायको म्हणते ते बरोबर, परत या.

आता ज्याबद्दल तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत ते. हात. तुम्ही लिहिलंय हातावर पडलो, तळवा खरचटला, बस एवढंच. पळताना पडलेला माणूस घोट्याकडेच बघत राहतो कारण तो ओरडत असतो, आणि मनगट तीन आठवड्यांनी दाखवायला येतो. अंगठा वर ताणून धरा, मनगटाशी अंगठ्याच्या बुडाला दोन दोऱ्या उठतात आणि मध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. तिथे दुखलं तर स्कॅफॉइड नावाच्या काजूच्या आकाराच्या हाडाला चीर असू शकते. या हाडाचा वैताग असा की त्याचा रक्तपुरवठा एका टोकाकडून येतो, चीर पडली आणि हात तसाच वापरत राहिलं तर हाड जुळतच नाही. त्यात पहिल्या एक्सरेत ती चीर कधीकधी दिसत पण नाही, म्हणून मनगट आधार देऊन ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्सरे काढतात. दुखत असेल तर काठी त्या हाताने धरू नका आणि बॅगा उचलू नका.

खरचटलेल्या जागा वाहत्या पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा, खडे-माती अडकलीय ती निघाली पाहिजे, जरा झोंबेल. मग पोव्हिडोन आयोडीन आणि स्वच्छ ड्रेसिंग. हळद, टूथपेस्ट, कच्चं डेटॉल काही लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं आठवत नसेल किंवा पाच वर्षं होऊन गेली असतील तर होस्पेटला घेऊन टाका, माती गेलेली जखम आहे.

सासऱ्यांना काय सांगायचं. हाडवैद्यावर माझा सरसकट राग नाही, पण मुरगळीत काही निसटलेलं नसतं जे बसवायचंय. घोट्याच्या पुढच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं लिगामेंट असतं, पाय आत वळला की सगळ्यात आधी तेच फाटतं, थोडं किंवा पूर्ण. फाटलेल्या जागी पहिल्या तीन दिवसांत कोणी तेल लावून रगडलं किंवा झटका दिला तर रक्तस्राव वाढतो, सूज वाढते आणि चीर असेल तर ती सरकते. शेकही नको, गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणं नको, दारू पण नको दोन-तीन दिवस. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावायचाच असेल तर गार लावा आणि फुटलेल्या कातडीवर नको. त्याने लिगामेंटला फार काही होणार नाही, पण सासूबाईंना बरं वाटेल आणि माणूस पाय वर करून अर्धा तास स्वस्थ बसतो हा फायदा मोठा आहे.

बर्फ दुखणं कमी करायला चांगला, त्याच्याकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. विश्रांती-बर्फ-पट्टी-पाय वर हा जो फॉर्म्युला आपण शाळेपासून ऐकतोय तो अमेरिकेतल्या गेब मर्किन नावाच्या डॉक्टरांनी 1978 मध्ये आणला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती दोन्हीमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो. त्यामुळे पहिले दोन दिवस, दुखत असेल तेव्हा, पंधरा मिनिटं, मधे पंचा किंवा रुमाल घालून, दोन-तीन तासांनी परत. लॉजवर फ्रीजर नसतो, कोल्ड्रिंकच्या दुकानात मागा, दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरा. ते पाणी कुठलं असतं आपल्याला माहीत नसतं, म्हणून गुडघ्याच्या उघड्या जखमेवर तो बर्फ नको.

मेडिकलमधून 10 सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज आणा. घोटा काटकोनात ठेवून बोटांच्या मुळापासून सुरू करा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं पाऊल-घोटा-पाऊल फिरवत वर जा, टाचही झाका नाहीतर सूज तिथून बाहेर येते. खाली जरा घट्ट, वर जाताना सैल. बोटं उघडी ठेवा, बोटाचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं निळसर किंवा गार पडली तर लगेच सोडा. रात्री काढून झोपा, पायाखाली दोन उशा. नुसता ओढून चढवायचा इलॅस्टिकचा मोजा मिळतो, त्याने ऊब येते, आधार फारसा येत नाही. लेसचा किंवा पट्ट्यांचा ब्रेस होस्पेटला मिळाला तर तोच घ्या, पुढे महिनोनमहिने कामाला येणार आहे.

गोळ्यांचं. 650 ची पॅरासिटामॉल पुरते, दोन गोळ्यांमध्ये सहा तास आणि दिवसाला चारच्या वर नाही. मेडिकलवाला बहुतेक डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवायचं एन्झाइम अशी तिन्ही एकत्र असलेली गोळी देईल, ती घेऊन वर परत पॅरासिटामॉल घेऊ नका, डबल डोस होतो, आणि त्या एन्झाइमचा फार उपयोग होतो असा काही भक्कम पुरावा नाही. असली वेदनाशामक गोळी पळून आल्यावर घामाघूम असताना, पाणी न पिता, रिकाम्या पोटी तर अजिबात नको, किडनीवर ताण येतो. डायक्लोफिनॅकचं जेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, मुरगळीवर ते खरंच काम करतं. आणि गोळी घेऊन दुखणं दाबायचं आणि चढायला निघायचं, हे करू नका बरं का, दुखणं हाच आत्ता तुमचा एकमेव मीटर आहे.

ट्रिप. आजचा दिवस लॉजवर, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर. खुर्चीसमोर स्टूल ठेवून त्यावर पाय म्हणजे वर नव्हे, आडवं व्हा आणि खाली उशा घ्या. उद्यापासून टाच आधी टेकवून चालता येत असेल तर हंपी सोडायची गरज नाही, फक्त निवडून बघा. विठ्ठल मंदिराला पार्किंगपासून बॅटरीच्या गाड्या चालतात, त्यातून जा, नदीकाठची दगडी वाट विसरा. कमळ महाल, हत्तीशाळा, हजारराम मंदिर ही सगळी बऱ्यापैकी सपाटीवर आहेत आणि गाडी जवळ जाते. मातंग टेकडी नाही, अंजनाद्रीच्या पाचशेच्या वर पायऱ्या तर नाहीच, बाकीचे जाऊन येतील, तुम्ही खाली चहा प्या. विरुपाक्ष मंदिरात चप्पल-बूट काढावे लागतात आणि अनवाणी मुरगळलेला पाय गुळगुळीत दगडावर सटकतो, जायचंच असेल तर गर्दी नसताना कोणाचा तरी हात धरून. बदामीला गुहांच्या पायऱ्या उंच आणि वेड्यावाकड्या आहेत, त्या दिवशी पायाचं काय म्हणणं आहे बघून ठरवा, नाहीतर अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिर करा. पट्टदकल मात्र निवांत होईल, सगळी देवळं एका सपाट आवारात आहेत. संध्याकाळी सूज सकाळपेक्षा थोडी जास्त असणार, ते चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, त्या दिवशी कमी फिरा.

काठी घ्या, लाज वाटून घेऊ नका. आणि ती उजव्या हातात धरा, डावा पाय दुखतोय तर उजव्या हातात, नव्वद टक्के लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग वेडेवाकडे झुकून चालतात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. स्लिपर-चप्पल बंद, दिवसभर लेसचे बूट.

आता आपल्याकडचा खास प्रॉब्लेम, मांडी. मांडी घालून बसलात की खालच्या पायाचा घोटा जमिनीवर बाहेरच्या बाजूने टेकतो आणि पाऊल खाली आणि आत वळतं. ज्या अवस्थेत लिगामेंट फाटलं, जवळजवळ तीच अवस्था, वरून शरीराचं वजन. जेवायला, देवळात, लॉजच्या गादीवर माणूस दिवसातून कितीतरी वेळा सवयीने मांडी घालतो आणि मग विचारतो सूज का उतरत नाही. तीन-चार आठवडे मांडी नाही, वज्रासन नाही. भारतीय संडासही पहिले काही दिवस टाळा, उकिडवं बसताना आणि विशेषतः उठताना घोट्यावर फार जोर येतो, लॉजवाल्याकडे कमोडची रूम मागून घ्या.

गाडी. डावा पाय म्हणजे क्लच. मॅन्युअल गाडी असेल तर तुम्ही चालवू नका, घाटात हाफ क्लच करताना कळ आली तर गाडीतल्या सगळ्यांचा प्रश्न आहे. हंपी ते बदामी दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेवढं बायको किंवा मेव्हणा चालवेल. तुम्ही पुढची सीट पूर्ण मागे घेऊन पायाखाली बॅग ठेवा, डॅशबोर्डवर पाय मात्र कधीच नाही, एअरबॅग उघडली तर पायाचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. तास-दीड तासाने उतरून पाच मिनिटं चाला, बसल्या बसल्या पाऊल वर-खाली पंपासारखं हलवत राहा, पाणी प्या. ज्यांना ट्रेनने यायचंय त्यांनी लोअर बर्थ मागून घ्यावा. विमानाने जाणाऱ्यांनी पाय पॅसेजकडे लांब करता येईल अशी सीट घ्यावी, आणि ताजं प्लॅस्टर असेल तर एअरलाइनला आधी विचारावं, पहिले एक-दोन दिवस त्यांचे नियम असतात कारण आत सूज वाढते आणि प्लॅस्टर आवळतं. पोटरी सुजून दुखायला लागली, दाबल्यावर ठणकली, किंवा दम लागला तर मात्र ते घोट्याचं नाही, रक्ताच्या गुठळीची शंका घ्या आणि थेट हॉस्पिटल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेखाली आणि बोटांकडे निळं-जांभळं दिसायला लागेल आणि घरात घबराट होईल. घाबरू नका, वरचं साकळलेलं रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं एवढंच. मी काळजी कशाची करेन, तर तीन दिवसांनंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, पाय बधिर आहे, ताप आलाय किंवा खरचटलेल्या जागी लाली पसरतेय याची.

व्यायाम उद्यापासूनच, आणि हा भाग मी इतका लांबण लावून सांगतेय कारण खरं बरं होणं इथे आहे. आडवं पडून अंगठ्याने हवेत बाराखडी काढा, दिवसातून चार-पाच वेळा, दुखेल तिथे अक्षर छोटं काढा. पाऊल वर-खाली वीस वेळा. दोन-तीन दिवसांनी भिंतीला पायाची बाहेरची कड टेकवून बाहेरच्या दिशेने दाबायचं, हलवायचं नाही, पाच सेकंद धरून सोडायचं. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे हे स्नायू पाय आत वळायला लागला की त्याला झटक्यात सावरतात, मुरगळीनंतर ते उशिरा जागे होतात, म्हणूनच एकदा मुरगळलेला पाय परत परत मुरगळतो. लोक म्हणतात माझा घोटा कमजोर आहे, बहुतेक वेळा तो अर्धवट बरा केलेला असतो. उभं राहायला जमलं की दात घासताना बेसिनला एक हात लावून दुखऱ्या पायावर उभं राहा. मग हात न लावता. मग डोळे मिटून, शेजारी कोणीतरी पाहिजे. दोन्ही पायांवर टाचा उचलणं, मग एका पायावर.

पळायला कधी, तर कॅलेंडर बघून नाही. अर्धा तास भरभर चालून न दुखता, न लंगडता झालं पाहिजे. दुखऱ्या पायावर एकट्याने टाच वीसेक वेळा उचलता आली पाहिजे, दुसऱ्या पायाशी बरोबरी करून बघा. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा, दोन्ही पायांची अंगठ्यापासून भिंतीपर्यंतची अंतरं जवळजवळ सारखी हवीत. आणि एका पायावर दहा उड्या, न घाबरता, घाबरणं हे पण लक्षण आहे. हे सगळं जमलं की एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं, सपाट रस्त्यावर किंवा ट्रॅकवर, ब्रेस घालून. हलकी मुरगळ असेल तर इथपर्यंत यायला एक-दोन आठवडे, मधल्या दर्जाची असेल तर तीन ते सहा, पूर्ण फाटलं असेल तर तीन महिनेही जातात. तुमचं वर्णन मला मधल्या दर्जाचं वाटतंय, लगेच आलेली सूज आणि लंगडणं यावरून, पण हात लावल्याशिवाय पक्कं नाही सांगता येत.

म्हणून मुंबई नाही. साडेतीन आठवड्यांत समजा तुम्ही पळायला सुरुवात केली तरी 21 किलोमीटर म्हणजे त्या घोट्यावर हजारो वेळा वजन पडणार, त्यात पेडर रोडचा चढ-उतार, पाण्याच्या स्टेशनपाशी सांडलेलं पाणी आणि पायात येणाऱ्या बाटल्या. पळून होईलही कदाचित, गर्दी आणि ढोल ऐकून माणूस काहीही पळतो. पण पुढचे सहा महिने त्याचं व्याज भरत बसाल. फिटनेस जाईल ही भीती असेल तर सायकल, पोहणं, कंबरेएवढ्या पाण्यात पळणं हे आठवड्याभरातच सुरू करता येतं, दुखत नसेल तर.

पुण्यात आल्यावर आठवड्याभरात कोणत्याही चांगल्या फिजिओला एकदा दाखवा, सूज उतरली की लिगामेंट किती सैल झालंय हे जास्त नीट कळतं, पहिल्या दिवशी दुखण्यामुळे कळत नाही. आणि सगळं नीट करूनही सहा-आठ आठवड्यांनी घोटा मधेच सटकतोय, आत खोल दुखतंय किंवा अडकल्यासारखं होतंय, तर ऑर्थोपेडिककडे जाऊन एमआरआयचं विचारा, सांध्याच्या आतली कूर्चा दुखावलेली असली तर ती साध्या एक्सरेत दिसत नाही. मनगटाच्या त्या खळग्यात आज दाबून काय वाटलं ते मात्र आजच कळवा.